पाण्याला भिणारं पाणमांजर

मास्तरांनी चाळीस वर्षं लोकांना पोहायला शिकवलं. शहराच्या तलावावर शाळेतल्या पोरींपासून निवृत्त कारकुनांपर्यंत सगळ्यांना त्यांनी हातपाय मारायला लावले. शिस्तीला कडक, तोंडाने फटकळ. पण एक गोष्ट ते छाती पुढे काढून सांगत: आपण कधी कुणाला पाण्यात ढकललं नाही. ज्याला उतरायचं तो आपल्या पायांनी उतरेल, मग त्याला महिना लागो.

आता ते एकाहत्तर वर्षांचे होते आणि सुनेबरोबर राहत होते. मुलगा मालवाहू जहाजावर, वर्षातले आठ महिने समुद्रात. बायको तीन वर्षांपूर्वी गेली आणि घरातलं बोलणंही तिच्यामागे गेलं. सासऱ्या-सुनेचं भांडण नव्हतं. भांडायलाही दोन शब्द लागतात. सून जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर होती. सकाळी आठला जायची, संध्याकाळी दमून यायची. फ्रिजवर तिची चिठ्ठी असायची: ‘दूध तापवलंय. गोळी जेवणानंतर.’ त्याखाली मास्तर पेन्सिलीने लिहायचे: ‘बरं.’

एका संध्याकाळी ती पुठ्ठ्याचं खोकं छातीशी धरून आली. खोक्यातून बारीक, टोकदार शिट्टी ऐकू येत होती.

"बाबा, दार लावून घ्या. याला वारा नको."

मास्तरांनी दार लावलं आणि खोक्यात डोकावून पाहिलं. टॉवेलात गुंडाळलेलं, हातभरही नसलेलं एक तपकिरी जनावर होतं. चपटं डोकं, शर्टाच्या बटणाएवढे कान, ओठांवर ताठ मिशा. डोकं कुठे संपतं आणि मान कुठे सुरू होते तेच कळत नव्हतं. शेपूट बुडाशी जाड आणि टोकाकडे निमुळती, मुळ्यासारखी.

"हे काय, मुंगूस?"

"पाणमांजर. दोनेक महिन्यांचं असेल. मादी आहे. नदीकडच्या रस्त्यावर हिची आई गाडीखाली आली. रस्त्याच्या कामावरच्या बायकांना ही पाइपात सापडली. तीन दिवस उपाशी असणार."

"मांजर तर दिसत नाही कुठून."

"मांजराशी हिचं काही नातंच नाही. तुम्ही म्हणालात तशी दिसायला मुंगसासारखीच. पण हिचं कूळ वेगळं."

दवाखान्यात कुत्र्यांची साथ चालू होती आणि कुत्र्यांचा तोच आजार पाणमांजरालाही होतो, म्हणून तिथे ठेवणं शक्य नव्हतं. वनखात्याच्या संगोपन केंद्रातल्या पिंजऱ्यांची दुरुस्ती चालली होती, दोन महिने तरी जागा होणार नव्हती. तिथल्या अधिकारी बाईंनी लेखी परवानगी देऊन पिल्लू डॉक्टरकडेच ठेवायला सांगितलं होतं.

"दिवसा मी नसेन," सून म्हणाली. मग थोडी अडखळून, "दर चार तासांनी पाजावं लागेल. तुम्हाला जमेल का?"

तीन वर्षांत तिने त्यांच्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट होती. मास्तर म्हणाले, "बाटली कुठाय?"

बाटलीतलं दूध पिल्लाने आधी थुंकलं, मग मास्तरांचं बोट चावलं. दात सुईसारखे. बोटाला पट्टी बांधून मास्तर पुन्हा बसले. दुधात मासळी वाटून घातली तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. पोट भरलं की ती पाठीवर पडायची आणि पुढच्या पंजांत दुधाच्या बाटलीचं झाकण धरून या हातातून त्या हातात खेळवायची. बोटांमध्ये पातळ कातडं होतं, बदकासारखं. मास्तर खोलीबाहेर गेले की शिट्टी सुरू. आत आले की बंद.

"शिट्टी, थांब, येतोय," ते ओरडले ते सुनेने ऐकलं.

"बाबा, नाव नका ठेवू. नाव ठेवलं की माया लागते."

"एवढंसं नाव."

"जन्मभर तलावावरच्या झाडून सगळ्यांना नावं ठेवलीत, तेवढ्यावर समाधान नाही का झालं?"

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. सून थट्टा करते हे त्यांना माहीत नव्हतं. मग ते हसले, आणि पिल्लाचं नाव शिट्टी राहिलं.

तिसऱ्या आठवड्यात मास्तरांच्या हातून चूक झाली.

शिट्टीने न्हाणीघराच्या दारातलं पायपुसणं शौचासाठी निवडलं होतं आणि ती जागा सोडायला तयार नव्हती. मासळीचा, कस्तुरीसारखा उग्र वास घरभर भरला होता. पडद्यांना वास, उशांना वास. शेजारीण दारातूनच बोलून परत गेली. सून दमून येते, तिला निदान घर तरी स्वच्छ मिळावं, असं मास्तरांच्या मनात आलं. त्यांनी बादलीत कोमट पाणी घेतलं, लहान मुलांचा शाम्पू आणला आणि शिट्टीला चांगली चोळून आंघोळ घातली. तिने आकांत केला. बादलीच्या काठाला चारी पायांनी चिकटून राहिली. पाण्याला ती किती भिते हे तेव्हाच त्यांच्या लक्षात आलं. 'पाणमांजर आणि पाण्याला भिते,' ते तिला पुसता पुसता म्हणाले, 'तुझ्या जातीला काळिमा आहेस तू.'

दुपारी खेळताना पाण्याचं भांडं तिच्या अंगावर उलटलं. असं रोज व्हायचं आणि ती टॉवेलात दोन लोळण्या घेऊन कोरडी व्हायची. आज ती कोरडी होईना. केस चपटे होऊन गुलाबी कातडी दिसायला लागली. मग ती थरथरू लागली. तासाभराने थरथरही थांबली आणि ती मास्तरांच्या मांडीवर ओल्या फडक्यासारखी पडून राहिली. मास्तरांनी दवाखान्यात फोन केला.

सून वीस मिनिटांत आली. तिने एकदा पिल्लाला हुंगलं. शाम्पूचा वास तिला कळला, हे मास्तरांना तिच्या चेहऱ्यावरून कळलं. ती काही बोलली नाही. केस वाळवायचं यंत्र लांब धरून ऊब दिली, गरम पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून दोन्ही बाजूंना ठेवल्या, हिरड्यांना साखरेचं पाणी लावलं. थर्मामीटर दर दहा मिनिटांनी. मास्तर बाटल्या बदलत राहिले. दिवे लागायच्या वेळेला शिट्टीने डोळे उघडले आणि सुनेच्या अंगठ्याचा चावा घेतला.

"चावते आहे. म्हणजे जगेल," सून म्हणाली आणि तिथेच फरशीवर बसली.

मास्तर समोर स्टुलावर बसले होते. "मला बोल हवं ते. पण गप्प नको राहूस."

सून म्हणाली, "तुमची चूक नाही. मी सांगायला हवं होतं. इकडे या, दाखवते." तिने शेपटीजवळची एक जागा दाखवली, तिथे शाम्पू लागला नव्हता. तिने तिथे फुंकर मारली. वरचे राठ केस बाजूला झाले, आत कापसासारखी दाट लव. कितीही फुंकलं तरी कातडी दिसेना. "दोन थर असतात. वरचा रेनकोट, आतला स्वेटर. स्वेटरमध्ये हवा अडकून राहते, पाणी आत शिरतच नाही. वर तेलाचा हात असतो तो साबणाने गेला. जाड चरबी नसते हिच्या अंगावर. हे केस हेच सगळं."

"मग सांगितलं का नाहीस?"

सून टॉवेल नीट करत म्हणाली, "तुम्हाला शिकवायला गेले तर राग येईल असं वाटलं. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तुमच्या गुडघ्याला काय लावायचं ते मी सांगितलं होतं. तेव्हा म्हणालात, मी काय बैल आहे का."

मास्तरांना ते आठवत नव्हतं. पण आपण असं म्हणालो असणार, यात त्यांना शंका वाटली नाही.

"चाळीस वर्षं दुसऱ्यांना शिकवलं," ते म्हणाले. "मला काही शिकवायला कुणी धजलंच नाही. गुडघा अजून दुखतो. काय लावू ते सांग."

केसांतलं तेल परत यायला अडीच आठवडे लागले. शिट्टी कोरड्या टॉवेलांत दिवसभर लोळायची, स्वतःला चाटायची, खरवडायची. रोज संध्याकाळी दोघं तिच्या पाठीवर फुंकर मारून बघत. कातडी दिसायची बंद झाली त्या दिवशी सून म्हणाली, "आता पोहणं. उशीर झालाय खरं तर."

"त्यात काय शिकवायचं? माशाच्या पिल्लाला..."

"मासा नाही ही. पाणमांजराच्या पिल्लांना पोहता येत नाही, बाबा. आई शिकवते. मानेला धरून पाण्यात ओढते, बुडवते, वर काढते. पिल्लं ओरडतात, तरी सोडत नाही."

मास्तरांचा चेहरा उतरला. "मी ओढणार नाही."

"मग?"

"माझ्या पद्धतीने शिकवतो."

पोहण्याच्या तलावात टाकलेलं औषध तिच्या डोळ्यांना बाधलं असतं, म्हणून गावाबाहेरच्या मत्स्यबीज केंद्रातली एक रिकामी सिमेंटची टाकी मिळवली. एका टोकाला वीतभर पाणी, उतरत दुसऱ्या टोकाला छातीइतकं. नदीचं पाणी, बर्फासारखं. मास्तर रोज सकाळी तिथे जाऊ लागले. पहिले तीन दिवस शिट्टी काठावर बसून त्यांच्याकडे नुसती बघत राहिली. त्यांनी उथळ पाण्यात खेकडे सोडले. तिने काठावरून पंजा लांब करून जेवढे हाताला लागले तेवढे काढून खाल्ले, कडकडा आवाज करत. लाकडाची फळी तरंगत ठेवली. ती फळीवर बसली आणि मास्तरांनी फळी ढकलून टाकीभर फिरवावी म्हणून शिट्ट्या मारू लागली. ते तिला छातीशी धरून पाण्यात शिरले तर ती खांद्यावरून डोक्यावर चढली आणि तिथेच बसली.

"कशी काय प्रगती?" सून विचारायची.

"टोपी झाली माझी. पुढे काही नाही."

नववा दिवस असेल. मास्तर खोल टोकाला उभे होते, शिट्टी काठावर. गार पाण्याने पोटरीत पेटका आला आणि ते पाय धरायला वाकले. पाय घसरला, डोकं पाण्याखाली गेलं. पोहणारा माणूस, घाबरायचं कारण नव्हतं. ते तळाशीच बसून पोटरी चोळत राहिले. इतक्यात वर पाणी फुटलं. त्यांनी डोळे उघडले तर शिट्टी समोर होती. चारी पाय वेडेवाकडे मारत, नाकपुड्या घट्ट मिटलेल्या, अंगाभोवती हवेच्या बारीक बुडबुड्यांचं चंदेरी कवच. तिने त्यांचा कान दातांत धरला आणि ओढायला लागली.

मास्तर वर आले. कानाच्या पाळीतून रक्त येत होतं. शिट्टी त्यांच्याभोवती पोहत होती, शिट्ट्यांवर शिट्ट्या मारत, नाकातून फुरफुर पाणी उडवत. मग तिला बहुधा कळलं की आपण पाण्यात आहोत. ती गप्प झाली. पुढचे पाय अंगाशी घेतले, पाठीला एक लाट दिली, ती लाट शेपटीच्या टोकापर्यंत गेली, आणि ती टाकीच्या दुसऱ्या टोकाला होती.

संध्याकाळी सुनेने कानाला औषध लावताना सगळं दोनदा सांगायला लावलं.

त्यानंतर शिट्टीला पाण्याबाहेर काढणं हीच अडचण झाली. महिन्याभरात ती जिवंत मासे धरायला शिकली. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग नसतो, पण मासा कुठेतरी हलला की पाण्यातली ती हालचाल मिशांना कळायची आणि ती तिथे वळायची. मासा पंजांत धरून डोक्याकडून खायची. काठावरच्या ओल्या उतारावरून पोटावर घसरत पाण्यात यायची, बाहेर पडून पुन्हा वर जायची, पुन्हा घसरायची. मास्तर ते तासन् तास बघत. गुडघ्याला मलम लावून.

केंद्राची दुरुस्ती संपली तसा अधिकारी बाईंचा फोन आला. त्यांच्याकडे नदीच्या खालच्या अंगाला सापडलेलं एक नर पिल्लू होतं. दोघांना नदीकाठच्या जाळीबंद आवारात सहा महिने एकत्र ठेवायचं, माणसाचं दर्शन बंद, मासे आडोशामागून सोडायचे, मग नदीत मोकळं करायचं. बाई स्वतः टाकी बघायला आल्या. शिट्टी पाण्यातून बाहेर येऊन सरळ त्यांच्या बुटांवर चढली आणि बुटांची नाडी ओढायला लागली.

"हे वाईट आहे," अधिकारी बाई म्हणाल्या.

"प्रेमळ आहे ती," मास्तर म्हणाले.

"नदीवर सगळे मास्तर नसतात. जाळं फाडणारं जनावर आपणहून पायाशी आलं तर कोळी काय करील?"

मास्तरांनी त्यांना आणखी महिनाभर थांबायला सांगितलं. घरी आल्यावर सुनेलाही सांगितलं. "मी शिकवलंय. कधी सोडायचं ते मी ठरवीन."

"नाही ठरवायचं तुम्ही," सून म्हणाली. आवाज चढवला नव्हता, पण मागेही घेतला नाही. "तुम्हाला ती हवी आहे. मलाही हवी आहे. तिला काय हवं ते कुणीच विचारत नाहीये."

मास्तर न जेवता उठले.

चार दिवसांनी टाकीवर एक मोकाट कुत्रा आला. मास्तर पलीकडे टॉवेल वाळत घालत होते. पाइपातून बाहेर काढल्यापासून ज्यांच्याशी गाठ पडली ते सगळे शिट्टीला खाऊ घालणारे, कुरवाळणारे. ती कुत्र्याकडे खेळायला गेली. कुत्र्याने तिला मागच्या मांडीला धरून झटका दिला. मास्तर धावले, ओला टॉवेल फिरवत. कुत्रा पळाला. शिट्टी पाण्यात न जाता, पाण्यात तिला कुणी धरू शकलं नसतं तरी, मास्तरांच्या पायांत येऊन लपली.

जखम पाच टाक्यांत भागली. कुत्र्याची साथ लागली आहे का ते कळायला दोन आठवडे थांबावं लागलं. लागली नव्हती. टाके घालताना मास्तर तिचं डोकं धरून होते. शेवटचा टाका झाल्यावर ते म्हणाले, "माझ्याकडे पळत आली. पाण्याकडे नाही. चूक मी शिकवली तिला."

"चूक नाही बाबा ती."

"चूकच. फोन कर त्या बाईंना."

न्यायला गाडी आली तेव्हा मास्तर पुढच्या खोलीत बसून राहिले. पिंजरा दारातून गेला तसं आतून शिट्टी सुरू झाली. एवढे महिने ते त्या हाकेला तोंडाने तशीच शिट्टी मारून उत्तर द्यायचे. त्या दिवशी त्यांनी ओठ दातांखाली धरले. गाडी वळणापलीकडे गेली तेव्हा सून आत आली आणि त्यांच्या शेजारी बसली. मास्तर म्हणाले, "पायपुसणं धुवायला हवं." सून हसायला गेली आणि रडली.

पहिले दोन महिने केंद्रातून येणाऱ्या बातम्या चांगल्या नव्हत्या. शिट्टी जाळीशी बसून राहायची, मासा टाकणाऱ्याची चाहूल लागली की आडोशाकडे धावायची. नराला ती दोनदा चावली. मास्तरांना वाटायचं जाऊन यावं, दुरून बघावं. सून म्हणायची, "तुमचा वास लागेल तिला." तिसऱ्या महिन्यात अधिकारी बाईंनी सांगितलं, दोघं एका ढोलीत एकमेकांवर मान टाकून झोपतात. चौथ्यात, आडोशाकडे धावणं थांबलं.

सोडायच्या दिवशी दोघांना समोरच्या काठावरून बघायची परवानगी मिळाली. बोलायचं नाही, उठायचं नाही, वारा नदीकडून आपल्याकडे असेल तरच. सकाळ होती, पाण्यावर धुकं. जाळीचं दार वर गेलं. बराच वेळ काही झालं नाही. मग नर बाहेर आला, त्याच्या मागे शिट्टी. ती ओळखूच येईना इतकी मोठी झाली होती, शेपटीसकट चार फुटांची तरी. ती मागच्या पायांवर उभी राहिली, मान ताणून चौफेर हुंगत. दुर्बीण मास्तरांच्या हातात होती, ती त्यांनी सुनेला दिली. शिट्टी खाली झाली, दगडावरून पाण्यात सरकली. आवाजसुद्धा झाला नाही. पाण्यावर दोन रेषा वळणाकडे गेल्या आणि मिटल्या.

दोन वर्षांनी खालच्या गावातल्या कोळ्यांनी जाळी फाटल्याची तक्रार केली. समजूत घालायला अधिकारी बाई गेल्या तेव्हा मास्तर आणि सूनही गेले. पाणमांजर आत शिरू नये म्हणून जाळ्याच्या तोंडाला कसलं झाकण लावायचं ते सुनेने दाखवलं. मास्तर मध्ये मध्ये बोलत होते: हे प्राणी आजारी मासळी आधी उचलतात, पाणी नासलं की सगळ्यांत आधी निघून जातात, ते आहेत तोवर तुमची नदी ठीक आहे असं समजा. कोळी ऐकत होते, सगळं पटलं असं नाही. एक म्हातारा कोळी शेवटपर्यंत नावेच्या काठावर बसून जाळं विणत होता. मास्तर चहाचा पेला घेऊन त्याच्याजवळ गेले.

"तुम्ही पाहिलीत का ती?"

"दोन मोठी आहेत. आता बारकी तीन आहेत त्यांच्या मागे. सकाळी त्या खडकावर असतात."

मास्तरांनी पेला दोन्ही हातांत धरला. "नावेजवळ येतात? खायला मागायला वगैरे?"

म्हातारा हसला. "छे. वल्ह्याचा आवाज आला की मादी पोरांना आधी पाण्यात हाकलते आणि स्वतः शेवटी बुडी मारते. माणसाचा भारी राग तिला."

"छान," मास्तर म्हणाले. "फारच छान." आणि ही बातमी सांगायला ते सुनेकडे निघाले.